सुगंतीबाईला उशिरा सांगितलेली गोष्ट

प्रिय मुक्ता आणि निखिल,

गेल्या रविवारी मुक्ताने मेलबर्नहून फोनवर एक गंमत सांगितली. बाळंतपणाआधी तिथल्या इस्पितळाने तिच्याकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात विचारलं होतं, कळा सुरू झाल्यावर जवळ कोण हवं, कसं बसायला किंवा निजायला बरं वाटेल, आणि वार घरी न्यायची आहे का. "आजी, वार! घरी नेऊन काय करू, फ्रीजमध्ये ठेवू?" असं म्हणून ती हसली. मग तिनेच सांगितलं, की हे प्रश्न तिथल्या मूळच्या रहिवाशांच्या, शहरात येऊन राहिलेल्या कुटुंबांसाठी सुरू झाले आणि आता सगळ्यांनाच विचारतात. मी हसले नाही. तुला वाटलं, लाइन गेली. लाइन गेली नव्हती, मुक्ता.

निखिल, वार म्हणजे बाळाच्या मागून जी बाहेर पडते ती. आणखी शंका असेल तर तुझ्या आईला विचार, मला फोनवर विचारू नकोस.

फोन ठेवल्यापासून मला सुगंतीबाई आठवते आहे. तिच्याबद्दल मी तुमच्या आईलाही कधी नीट सांगितलं नाही. आता मी चौऱ्याहत्तरीची आहे, हात थोडा कापतो, पण अक्षर अजून वाचता येतं. म्हणून लिहून ठेवते. तुम्ही मराठी सावकाश वाचता, तेव्हा सावकाश वाचा.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी खामगावात एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात मेट्रन म्हणून काम करत होते. प्रसूतिगृहाचं नाव लिहीत नाही, कारण जे चुकलं ते माझ्या हातून चुकलं. बारा खाटा, एक डॉक्टरीणबाई, चार सिस्टर आणि तीन आया. सुगंतीबाई त्या तिघींतली एक. ती कोरकू होती, जळगाव जामोदच्याही पलीकडची, सातपुड्याच्या उतारावरच्या एका पाड्यातली. नवरा वारल्यावर शहरात आली होती आणि प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगाला, धुण्याच्या जागेशेजारच्या खोलीत राहायची. मी तिला "सुगंतीबाई, तू" म्हणत असे, ती मला "मॅडमबाई, तुमी". आम्ही दोघी जवळजवळ एकाच वयाच्या होतो, हे मला फार उशिरा सुचलं. आता अहो-जाहो करायला गेले तर ती मला दुसरीच कुणीतरी वाटते, म्हणून तशीच लिहिते.

उंचीला माझ्या खांद्याएवढी. कपाळावर आणि दोन्ही हातांवर हिरवं गोंदण. पाय रुंद, टाचा भेगाळलेल्या. खुर्चीवर मी तिला कधी बसलेलं पाहिलं नाही, भिंतीला पाठ लावून उकिडवी बसायची आणि तशीच तास तास राहायची. दातांना गुडाखू लावायची. तंबाखूची ती काळी पेस्ट प्रसूतिगृहात चालणार नाही असं मी तिला बजावलं होतं. ती "हाव" म्हणायची आणि मागच्या अंगणात जाऊन लावायची. वय विचारलं की दर वर्षी बावन्न सांगायची.

तिची एक सवय मला पहिल्याच आठवड्यात खटकली. कळा देणारी बाई आली, की मी पुढच्या खिडकीत रजिस्टर उघडायची. नाव, वय, नवऱ्याचं नाव, कार्ड. मी नागपूरला इंग्रजीतून नर्सिंग शिकले होते आणि कामाचा क्रम माझ्या अंगात मुरला होता. सुगंतीबाई मात्र माझ्या आधी त्या बाईजवळ पोचलेली असायची. खाली बसून तिच्या तळव्यांना हात लावायची आणि विचारायची, "जेवली का व?"

"सुगंतीबाई, आधी नाव लिहू दे," मी म्हणायची.

"लिहा ना मॅडमबाई. नाव काई पळून नाई जात. भूक लागली तर पोरगी पळून जाईन."

वस्तीतल्या कोरकू बायका तिच्यामुळेच आमच्याकडे येत. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे पत्र्याच्या पन्नासेक झोपड्यांची ती वस्ती होती. कापसाच्या हंगामासाठी डोंगरातून उतरलेली आणि मग इथेच राहिलेली कुटुंबं. त्या बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायचं नसायचं, मोठ्या आवाजात कुणी विचारलं तर तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि पुरुषाने तपासायचं म्हटलं तर त्या चक्क उठून जायच्या. सुगंतीबाई त्यांच्याशी कोरकूत बोलायची. मला त्यातले दोनच शब्द आले, दा म्हणजे पाणी आणि जोम म्हणजे जेव. सात वर्षांत दोन शब्द. हे मी आता मोजते आहे, तेव्हा मोजलं नव्हतं.

एक दिवस, दुपारची साडेतीनची वेळ असेल, मी प्रसूतीच्या खोलीत शिरले तर टेबल रिकामं. वस्तीतली एक मुलगी खिडकीचे गज धरून खाली उकिडवी बसली होती आणि सुगंतीबाई तिच्या पाठीला आपली पाठ लावून, दोन्ही पाय भिंतीला टेकवून, खुंट्यासारखी घट्ट बसलेली. सिस्टर वंदना पुढे गुडघ्यावर, हातमोजे घालून. मी ओरडणार तेवढ्यात बाळाचं डोकं दिसलं, आणि मग ओरडायला अर्थ राहिला नाही. मुलगा झाला, तीन किलोचा, लालबुंद.

नंतर मी सुगंतीबाईला बाहेर घेतलं. "फरशीवर? फरशीवर बाळंतपण करतात का गं?"

"फरशी म्या पुसली होती मॅडमबाई. दोनदा. फिनाइल टाकून."

"टेबल कशाला आहे मग?"

ती जरा विचारात पडल्यासारखी झाली. मग म्हणाली, "टेबलावर निजवलं तर लेकराले चढ लागते. उतारावरून येऊन राह्यलं होतं बिचारं, तुमी त्याले डोंगर चढवाले लावता."

डॉक्टरीणबाई मागे उभ्या होत्या. त्या हसू आवरत आत गेल्या आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "मॅडम, शास्त्राप्रमाणे तिचं चुकलेलं नाही हो." मी म्हटलं, शास्त्र असेल, पण टेबल दिलेलं आहे. हे वाक्य मी खरोखर म्हणाले होते.

वंदना ही अमडापूरची मुलगी, बौद्ध घरातली, शिकून सिस्टर झालेली, तोंडाने फटकळ. ती सुगंतीबाईची चेष्टा करायची. "सुगंतीमावशी, तू मागच्या जन्मी खुर्ची होती का व? सारे तुया पाठीले टेकून बसतात."

"अन तू सुई होती," सुगंतीबाई म्हणायची. "दिसली की लोकं पळतात."

घाई तिला माहीत नव्हती. कळा लांबल्या, सासवा कावल्या, सिस्टर येरझाऱ्या घालू लागल्या, की ती म्हणायची, "घाई कोनाले हाय? त्याले तर नाई." त्याला म्हणजे बाळाला. पोटातल्या बाळाबद्दल ती नेहमी असं बोलायची, जणू वाटेत कुणाच्या तरी ओसरीवर टेकलेला, येईलच थोड्या वेळात.

पण तिच्या लोकांचं सगळंच ती डोळे मिटून मानायची, असं समजू नका. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर डाग द्यायची रीत त्यांच्यात होती. एकदा एका आजीने डिस्चार्जच्या दिवशीच तो बेत बोलून दाखवला. सुगंतीबाई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि साडीचा पदर बाजूला करून स्वतःचं पोट दाखवलं. त्यावर जुन्या डागांच्या चार रेषा होत्या. मराठीत, आम्हाला सगळ्यांना कळावं म्हणून, ती म्हणाली, "हे पाह्य. मले आठवत नाई, पन कातडीले आठवते. तुले द्याचाच असन त पयले आपल्या पोटावर घे. म्या विळा तापवून देतो." आजी शिव्या देत गेली, पण पुढच्या लसीला तेच बाळ आलं आणि त्याच्या पोटावर काही नव्हतं. सुगंतीबाईने ते स्वतः दुपटं उघडून पाहिलं.

आता वारेबद्दल.

तिच्या लोकांत वार घराच्या आवारात खड्डा करून पुरतात. पुरली की मूल त्या जागेचं झालं, असं मानतात. नाही पुरली तर ते मूल जन्मभर भटकतं, कुठेच टिकत नाही. आमच्याकडे नियम असा, की वार पिवळ्या पिशवीत जाते, पिशवीवर चिठ्ठी लागते, रजिस्टरात नोंद होते आणि दिवसाआड गाडी येऊन घेऊन जाते. ते रजिस्टर मी तपासायची. एका महिन्याअखेर मी बाळंतपणांचं रजिस्टर आणि पिशव्यांचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं, आणि ते जुळेना. बाळं जास्त, पिशव्या कमी. मी मागचे महिने काढले. तिथेही तेच. मग नावं लावली. ज्या बाळांच्या पिशव्या नव्हत्या ती सगळी वस्तीतली होती.

मी सुगंतीबाईला बोलावलं. तिने एकदाही नाही म्हटलं नाही.

"देतो म्या. मागच्या दारानं. मडक्यात घालून, वरतून झाकन लावून. सासूच्या हाती देतो, दुसऱ्याच्या नाई."

"अगं, तो जैविक कचरा आहे. त्यातून रोग पसरतात. कुणी तपासायला आलं तर परवाना जाईल आपला."

"कचरा?" ती म्हणाली. तिला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "मॅडमबाई, नऊ महिने लेकराची भाकर तिच्यातून गेली."

"ते खरं असलं तरी नियम आहे."

"मंग नियमाले सांगा, त्यांची घरं पत्र्याची हायेत, मालक केव्हा काढीन भरोसा नाई. पुरलेली वार तेवढी त्यांची. वस्तीत कोनाच्याच नावावर दुसरं काई नाई."

मी ऐकून घेतलं असतं, तर त्याच दिवशी काहीतरी मार्ग निघाला असता. डॉक्टरीणबाईंना विचारता आलं असतं, रोगाची तपासणी करून द्यायची पद्धत काढता आली असती. पुढे तेच केलं. पण मला त्या दिवशी फक्त न जुळलेलं रजिस्टर दिसत होतं. मी तिला लेखी ताकीद दिली आणि प्रसूतीच्या खोलीतून काढून धुण्यावर टाकलं. आत पाऊल टाकायचं नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

वंदना माझ्या मागे आली. "मॅडम, ह्या बाया येनार नाईत मंग."

"येतील. जातील कुठे?"

"कुठीच जानार नाईत. घरीच राहातीन. तेच म्हनून राह्यली म्या."

सुगंतीबाई धुण्यावर गेली. चादरी पिळताना तिचे हात दिसायचे, गोंदणावर पाणी. आणि एक गोष्ट तिने केली, ती मला नंतर कळली. वस्तीत तिने कुणालाही सांगितलं नाही, की तिला आतून काढलं आहे. बायका विचारायच्या, तू आहेस ना? ती म्हणायची, "म्या तथीच हाव. या." ते खोटं नव्हतं. ती तिथेच होती, भिंतीच्या पलीकडे.

रामकली ही वस्तीतली एक मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण. अंगात रक्त कमी होतं आणि रक्तदाब वाढायचा. तपासणीला दर वेळी सुगंतीबाईच तिला हात धरून आणायची. तिच्या कार्डावर मी स्वतः लाल शाईने लिहिलं होतं, बाळंतपण दवाखान्यातच.

ती आली. हे मी नीट लिहिते, कारण पुढचं सगळं यावर आहे. रामकली आली होती. सुगंतीबाईला धुण्यावर टाकून महिना झाला असेल. भर दुपारी ती सासूबरोबर पुढच्या खिडकीशी उभी राहिली. कळा सुरू झाल्या होत्या, पण लांब लांबच्या. सासू म्हणाली, "सुगंतीले बलावा."

मी म्हटलं, "सुगंतीबाई आता आत नसते. सिस्टर आहेत, डॉक्टर आहेत. आधी नाव लिहू. नवऱ्याचं नाव?"

रामकलीने सासूकडे पाहिलं. सासू पुन्हा म्हणाली, "सुगंतीले बलावा ना बाई. पोरगी भेते."

"बाळंतपण सुगंती करते का आम्ही? बसा तिथे बाकावर. बोलावते मी आत."

त्या बसल्या. मी पाच मिनिटं म्हणून औषधांच्या खोलीत गेले, कारण त्या दिवशी औषधांच्या साठ्याची तपासणी ठरली होती आणि ती अर्ध्यावर सोडायची माझी पद्धत नव्हती. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. मला वाटलं, कळा थांबल्या असतील, येतील परत. मी कुणाला पाठवलं नाही. खिडकीपासून मागच्या अंगणापर्यंत तीस पावलं असतील, सुगंतीबाई तिथे दोरीवर चादरी टाकत होती. मी तिला हाक मारली नाही. साडेपाचला, रोजच्यासारखी, मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ऑटो आला. मूल झोपडीतच झालं होतं, मुलगी. वार अर्धी अडकली होती आणि रक्त थांबलं नव्हतं. डॉक्टरीणबाई धावत गेल्या आणि ऑटोतच रामकलीचा हात धरून उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी तो हात हळूच खाली ठेवला.

सुगंतीबाई ओल्या हातांनी मागून आली. तिने ऑटोत पाहिलं. मग सासूचे खांदे धरून हलवले. "काऊन नाई आनलं व? काऊन नाई आनलं तिले? म्या होतो ना इथी!"

सासूने माझ्याकडे पाहिलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, फाइल घेऊन. मग ती मान खाली घालून म्हणाली, "नाई आनलं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी बोलले नाही. त्यांना मृत्यूचा दाखला हवा होता आणि तो माझ्याकडून मिळायचा होता, म्हणून ती म्हातारी गप्प बसली, हे मला तेव्हाही कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते कुटुंब तान्ह्या मुलीला घेऊन डोंगराकडे परत गेलं आणि शहरात पुन्हा आलं नाही. रामकली खिडकीपर्यंत आली होती हे खामगावात माहीत असलेली मी एकटी उरले.

आठवड्याभरात मी सुगंतीबाईला प्रसूतीच्या खोलीत परत घेतलं. ट्रस्टींपुढे जाऊन नियमही बदलून घेतले. घरची एक बाई आत येऊ शकते. टेबल नको असेल तिला खाली गादी मिळेल. वार मागितली तर डॉक्टरांनी तपासून, झाकणाच्या मडक्यात, सही घेऊन द्यायची. ट्रस्टींनी माझं कौतुक केलं. वंदनाने केलं नाही. ती इतकंच म्हणाली, "बरं झालं, मॅडम."

पण सुगंतीबाई परत आली ती पहिली राहिली नव्हती. तिने मनाशी एक हिशेब लावला होता. रामकलीला बाहेरून कुठूनतरी कळलं असणार, की सुगंती आत नसते. सुगंती आपल्याशी खोटं बोलली, असं वाटून ती रुसली आणि आलीच नाही. आपण जाऊन हाताला धरून आणली असती तर आली असती. तेव्हापासून ती रोज दुपारी वस्तीत जायला लागली. जिच्या दिवसांत आठवडा उरला असेल तिच्या दारात जाऊन बसायची, आणि कळा सुरू झाल्या की तिला स्वतः चालवत, नाहीतर ऑटोत घालून घेऊन यायची. उन्हाळ्यात डांबर पायाला चिकटायचं. तिचे गुडघे सुजायला लागले. मी सांगितलं, सुगंतीबाई, आता आशा वर्कर आहे, ती आणते, तू नको जाऊस.

"ते आनते. पन तिच्यावर कोनी रुसलं त?"

चार वर्षं ती चालली. चार वर्षं मी तिला दुपारी फाटकातून बाहेर पडताना पाहिलं, डोक्यावर पदर, एक पाय जरा ओढत. दर वेळी मनात यायचं, आज सांगावं. दर वेळी वाटायचं, सांगितलं तर ती काय म्हणेल. ती चालायची आणि वस्तीतली एकही बाई त्या चार वर्षांत घरी बाळंत झाली नाही, आणि मी स्वतःला सांगायची, की न सांगण्याने भलंच होतं आहे. मुलांनो, माणूस स्वतःशी किती नीटनेटकं खोटं बोलू शकतो, हे मला तेव्हा समजलं.

शेवटी गुडघ्यांनी साथ सोडली. तिचा भाचा तिला पाड्यावर न्यायला येणार होता. जायच्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत गेले. तिने बोचकं बांधून ठेवलं होतं आणि भिंतीला पाठ लावून बसली होती. मीही खाली बसले. मला नीट बसता येईना, तिने हाताने माझा पाय सरळ करून दिला.

मी सगळं सांगितलं. खिडकी, सासू, बाक, औषधांची खोली. काही गाळलं नाही.

मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची मी तयारी केली नव्हती. ती खुलली.

"आली होती?" ती म्हणाली. "माह्यासाठी आली होती? मले बलाव म्हने?"

"हो."

"म्हंजे रुसली नव्हती."

"नाही."

"म्या म्हनलं, रुसून मेली माह्यावर. चार वर्सं म्हनलं." तिने पदराने डोळे पुसले, आणि हसू तसंच होतं. मग हळूहळू ते गेलं. उरलेली गोष्ट तिच्यापर्यंत तेव्हा पोचली असावी. तिने मागच्या दाराकडे पाहिलं, अंगणातल्या दोरीकडे, आणि मनात अंतर मोजल्यासारखं केलं.

"बाकावर बसली होती, तवा तिले पानी देल्लं का कोनी?"

मी खूप आठवून पाहिलं. "नाही," मी म्हटलं. "मी नाही दिलं."

ती रागावली नाही, आणि जाऊ द्या मॅडमबाई असंही म्हणाली नाही. मी त्याची वाट पाहत होते, हे खरं सांगते. तेवढ्यात भाचा आला. तिने बोचकं उचललं, त्याच्या खांद्याला धरून उठली आणि फाटकापर्यंत गेली. वंदनाने तिला मिठी मारली, बाकीच्या आया पाया पडल्या. मी पायरीवर उभी होते. ऑटोत बसताना तिने पाय आत घ्यायला वेळ लावला, आधी एक, मग दुसरा हातांनी उचलून. मग ती सरळ पुढे पाहत बसली. ऑटो बसस्टँडकडे वळेपर्यंत मला तिच्या डोक्यावरचा पदर दिसत होता. ती वळली नाही.

दोन वर्षांनी तिच्या मृत्यूची बातमी वंदनाने मला फोनवर सांगितली. मी तोवर नोकरी सोडून बुलढाण्याला आले होते.

त्या प्रसूतिगृहात आता वंदना मेट्रन आहे. खाली गादी टाकतात. घरची एक बाई आत असते. वार मागणाऱ्याला वार मिळते. आणि वंदनाने चौकशी करून कळवलं, रामकलीची मुलगी आजीजवळ डोंगरात वाढली, यंदा ती आश्रमशाळेत नववीला आहे.